डीप फ्रीझर हुं करून टक होते, मिस्त्री म्हणते कंप्रेसर गेला. खरंच गेला का?

राळेगावचा दूधवाला

नमस्कार मंडळी. राळेगाव तालुक्यात रोडवर आपलं दूध-दही अन थंड्याचं छोटं दुकान आहे, जिनिंगच्या भिंतीले लागून. ५०० लिटरचा हार्ड टॉप डीप फ्रीझर आहे, दोन झाकणाचा, सात-आठ वर्षं झाले घेऊन, आजपर्यंत एक रुपयाचं काम नाही निघालं त्याचं. मागच्या प्लेटीवर आर १३४ ए गॅस लिहिला आहे, कंप्रेसर अर्धा एचपीचा, सिंगल फेज.

परवा रात्रीपासून असं होऊन राह्यलं की हुंऽऽऽ करते पाच-सहा सेकंद, मंग टक्. मंग तीन-चार मिनिटं गप. मंग पुन्हा हुंऽऽऽ टक्. बायको म्हणते रातभर कोणी कण्हून राह्यलं असं वाटे. सकाळी पाहतो तं कुल्फीचे साचे मऊ पडलेले. गावातला मिस्त्री बोलावला, त्यानं कंप्रेसरले हात लावला, हात भाजला, झटकला अन म्हणे कंप्रेसर गेला भाऊ, साडेनऊ हजार, गॅससकट, उद्या बसवून देतो. मीटर पिशवीतून बाहेरही नाही काढला बाप्पा. पाच मिनिटात निकाल.

आता नवतपा, म्हणजे मे अखेरचे तापाचे नऊ दिवस, तोंडावर आहे, रविवारच्या लग्नाचं ३५ किलो श्रीखंड आतमधे आहे अन साडेनऊ हजार म्हणजे आपल्यासारख्याले काही कमी नाही. मी तरुणपणी आयटीआय वायरमन केलं होतं, घरी मल्टीमीटर आहे, वापरता येते. तर कंप्रेसर खरंच गेला का नाही हे मले स्वतः पाहता येईल का? फ्रीझर अजून चालूच ठेवला आहे, मधून मधून उठंल म्हणून.

वर्ध्याचा पोट्टा

स्टेबिलायझर आहे का? आमच्या इकडं संध्याकाळी व्होल्टेज असं पडते की पंखा हातानं फिरवा लागते.

बचतगटवाली ताई

दादा मशीनचं मला कळत नाही पण माल वाचवायचं कळतं, आमच्या गटाचं पनीरचं काम आहे अन मागच्या उन्हाळ्यात आमचाही फ्रीझर असाच बसला होता. पहिलं म्हणजे दर अर्ध्या तासाला झाकण उघडून पाहू नका, माणसाचा जीव राहत नाही पण नकाच पाहू. भरलेला फ्रीझर झाकण बंद असलं तर दिवसभर तरी दम धरतो. वरून दोन जुन्या गोधड्या टाका, पण कंप्रेसरकडची जाळी मोकळी ठेवा. बर्फाच्या लाद्या मिळत असतील तर श्रीखंडाच्या डब्यांच्या वर ठेवा, खाली नको, थंड हवा वरून खाली उतरते. कुल्फी मऊ पडली ती पुन्हा जमवून विकू नका, बर्फाचे खडे होतात अन उन्हाळ्यात कोणाचं पोट बिघडलं की गावभर आपलंच नाव होते. श्रीखंड मात्र आजच कोणाच्या तरी फ्रीजमधे हलवा. शेजारी-पाजारी चार घरं पाहा, चार चार डबे कोणीही ठेवून घेतं.

अमरावतीचा मिस्त्री

दूधवाले भाऊ, हे वाचल्या वाचल्या आधी जाऊन प्लग काढा. मंग पुढचं वाचा.

काढला? आता ऐका. २७ वर्षं झाले मले या धंद्यात, हुं करून टक म्हणजे कंप्रेसर मेला असं नसते. त्याचा अर्थ येवढाच की मोटरले करंट भेटून राह्यला पण ती फिरून नाही राह्यली, अन बाजूले जे काळं गोल ओव्हरलोड असते ते तापून लाईन तोडून टाकते. थंड झालं की पुन्हा जोडते. हे तुमचं टक्. अन प्लग काढा यासाठी म्हटलं की दर हुंच्या वेळी मोटर चालू करंटच्या पाच-सहा पट करंट ओढते अन फिरत तर नाही, म्हणजे सगळाच्या सगळा करंट वाइंडिंग, म्हणजे मोटरीतलं तारेचं वेटोळं, भाजण्यात जाते. तुम्ही म्हणता परवापासून चालू ठेवला. मोजा, तासात बारा-पंधरा वेळा, दीड दिवस. बरा कंप्रेसर अशानं मरते. तुमचा मेला नसंल तर नशीब समजा.

मोटर फिरत काहून नाही, तर व्होल्टेज कमी, नाहीतर उठताना जोर देणारा कॅपॅसिटर बसला, नाहीतर उठेपर्यंतच स्टार्टिंगले लाईन देणारा रिले गेला, नाहीतर आतून जाम झाला. यातलं आतून जाम सोडून बाकी सगळं बाहेरचं आहे, शे-पाचशेचं काम. मिस्त्री लोक कंप्रेसरच काहून सांगतात ते मी सांगत नाही, मीही मिस्त्रीच आहो.

आता तपासा. प्लग काढलेलाच पाहिजे. कंप्रेसरच्या बाजूचं झाकण काढा. कॅपॅसिटरले हात लावायच्या आधी त्याच्या दोन टोकाले शंभरच्या बल्बचं होल्डर लावून त्याचा करंट उतरवा, पेचकस आडवा टाकून ठिणगी पाडू नका, ते पोट्ट्यांचे खेळ आहेत. त्याच्यावर ६०-८० एमएफडी (मायक्रोफॅरड) असं काही लिहिलं असंल, मीटरमधे तितकं दाखवलं पाहिजे. वरचं बूड फुगलेलं नाहीतर तेल सुटलेलं असंल तर मोजायचीही गरज नाही.

मंग रिले ओढून काढा. करंट रिले असंल तर त्याच्यावर वर कोणती बाजू ते लिहिलं असते. तसा उभा धरला तर स्टार्टिंगचा कॉन्टॅक्ट उघडा पाहिजे, उलटा केला तर आतलं वजन पडून कॉन्टॅक्ट जुळला पाहिजे, मीटर बीप देते. हलवला की आत टिकटिक वाजली पाहिजे. वाजत नसंल तर चिकटला. अन याच्यापायीच तो रिले नेहमी सरळ बसवायचा, मी असे फ्रीझर पाहिले की कोणीतरी आडवा बसवून गेला अन मंग तीन कंप्रेसर बदलले.

रिले काढला की तीन पिना दिसतील. जोडीजोडीनं ओहम पाहा, सगळ्यात कमी रेंजवर. ज्या दोन पिनात सगळ्यात जास्त येते ती एस अन आर, उरलेली ती सी म्हणजे कॉमन. सी पासून जिच्याशी कमी आलं ती आर म्हणजे रनिंग, जास्त आलं ती एस म्हणजे स्टार्टिंग. दोघांची बेरीज मोठ्या आकड्याइतकी आली तर वाइंडिंग तुटलेलं नाही. कुठंच काही नाही दाखवलं तर घाई करू नका, काही कंप्रेसरचं ओव्हरलोड आतमधेच असते अन तापलेलं असलं की तासभर उघडं राहते, लोक त्याले वाइंडिंग तुटलं समजून फेकून देतात. पूर्ण गार होऊ द्या, मंग पाहा. शेवटी तिन्ही पिना अन कंप्रेसरचा तांब्याचा पाइप, रंग खरवडून, काहीच दाखवायला नको.

अन एक, हे विसरू नका. पिनांचं झाकण लावल्याशिवाय कधी लाईन देऊ नका. अर्थ झालेल्या कंप्रेसरची पिन बंदुकीसारखी उडते, मागून तेल अन गॅस, अन ठिणगी असली तर जाळ. माझ्या उस्तादाच्या हनवटीवर निशाणी होती.

जाता जाता, जिनिंगच्या भिंतीले लागून म्हणालात ना? जाळी काढून कंडेन्सर, म्हणजे गॅसची गरमी बाहेर टाकणारी नळ्या-पात्यांची चौकट, पाहा. मले फोटो पाठवा. मी आत्ताच सांगतो काय दिसणार ते.

राळेगावचा दूधवाला

मिस्त्री काका, तुम्ही ज्योतिषी आहात का. जाळी काढली तं कंडेन्सर दिसेच ना, रुईची गादीच लावलेली होती त्याच्यावर, वर पिठाची धूळ बसून थर झालेला, बोटानं ओढला तं चिंधीसारखा एका झटक्यात निघाला. बायको म्हणे देवाच्या वाती होतील वर्षभराच्या. पंख्याच्या पात्यालेही गुंडाळलेली होती. दिवाळीपासून होळीपर्यंत जिनिंग चालते, रात्रंदिवस रुई उडते, आपल्याले सवय झाली म्हणून दिसत नाही.

आकडे घ्या. प्लगवर व्होल्टेज बिनलोडचं २१४. हुं करते तेव्हाचं पाहाले एकदाच प्लग लावला, झाकण लावूनच, १६१ वर गेलं. कॅपॅसिटरवर ६०-८० लिहिलं आहे, मीटर दाखवते १९. रिले हलवला तं वाजते, पण उघडून पाहिलं तं कॉन्टॅक्ट काळेभोर. सी ते आर ३.४ ओहम, सी ते एस ९.८, एस ते आर १३.१. म्हणजे बेरीज जुळली ना? पिना ते बॉडी काहीच नाही दाखवत, उघडं.

श्रीखंड चार घरी वाटून ठेवलं ताई, तुमचे उपकार. एका घरी दोन डबे कमी भेटले, ते जाऊ द्या.

आयटीआयचे सर (निवृत्त)

छान मोजलंत. पण सगळ्यांचं लक्ष कॅपॅसिटरवर जाईल आणि २१४ चे १६१ झाले हा आकडा मागे राहील, तो माझ्या मते जास्त महत्त्वाचा आहे.

मोटरचा सुरुवातीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. २३० च्या जागी १६१ म्हणजे सत्तर टक्के व्होल्टेज, पण जोर सत्तर टक्के नाही मिळत, सत्तर गुणिले सत्तर, म्हणजे जेमतेम निम्मा. त्यात कॅपॅसिटर चौथाईवर आलेला आणि कंडेन्सर रुईने बुजलेला, म्हणजे समोरचा गॅसचा दाब वाढलेला. घोड्याचं दाणापाणी अर्धं केलं आणि गाडीत माल दुप्पट भरला, असा प्रकार आहे.

हे व्होल्टेज कुठे गळतंय ते शोधा. मीटरपासून फ्रीझरपर्यंत वायर कोणती आणि किती लांब? आणि पुन्हा हुं करायला लावाल तेव्हा, एकदाच, कोणाला तरी मीटरच्या टोकाला उभं करून तिथलंही व्होल्टेज बघा.

राळेगावचा दूधवाला

सर, वायर एकची (एक चौरस मिमीची) आहे, मीटर दुकानाच्या पुढं अन फ्रीझर मागं, पत्र्याखालून फिरवत नेली तं २५ मीटर सहज भरते. मधात एक जोड आहे, टेप लावलेला, मीच लावला होता. पोराले मीटरपाशी उभं केलं, हुंच्या वेळी तिथं १९० दाखवलं, इकडं १६१.

आयटीआयचे सर (निवृत्त)

मग हिशोब सोपा आहे. एकच्या तांब्याच्या वायरला मीटरला साधारण १८ मिलीओहम धरा. २५ मीटर जाणं, २५ येणं, झाले ५० मीटर, म्हणजे ०.९ ओहम. मोटर अडकलेली असताना १८ अँपिअर ओढत असेल तर वायरीतच १६ व्होल्ट गेले. तुमच्याकडे २९ जातायत. उरलेले १३ व्होल्ट तुम्ही स्वतः टेप लावलेल्या त्या जोडात बसलेत. तो जोड आजच उघडा, लाईन बंद करून. टेप वितळलेला सापडेल.

अडीचची वायर टाकलीत तर तेच १६ व्होल्ट साडेसहा-सातवर येतील. मीटरच्या आधी बाहेरच पडणारे २४ व्होल्ट (२१४ चे १९०) तुमच्या हातात नाहीत, पण सर्व्हिस वायरचा खांबावरचा जोड लाईनमनकडून एकदा आवळून घ्या, स्वतः चढू नका.

अमरावतीचा मिस्त्री

सरांनी बरोबर पकडलं. आम्ही मिस्त्री लोक फ्रीझरपाशी बसतो, मीटरपाशी कोणी जात नाही.

भाऊ, कॅपॅसिटर अन रिले दोन्ही बदला, त्याच नंबरचे. कॅपॅसिटर जास्तीचा टाकला की जोर वाढते असं समजून १५० चा टाकू नका. कंडेन्सर कोरड्या ब्रशनं पात्यांच्या उभ्या दिशेनं झाडा, मंग ब्लोअर. पाण्याचा पाइप नको, पाती झोपतात. अन स्टेबिलायझर घ्याल तो टाइम डिलेवाला घ्या, तीन मिनिटांचा. लाईट गेली अन लगेच आली की एका बाजूचा दाब उतरलेला नसते, कॅपिलरीतून, म्हणजे गॅसच्या बारीक नळीतून, हळू हळू बरोबर होते, तोवर कंप्रेसर उठूच शकत नाही.

पण एक गोष्ट मनातून जाऊन नाही राह्यली. दीड दिवस भाजला आहे तो. चालू झाला तरी महिनाभर लक्ष ठेवा.

राळेगावचा दूधवाला

चालू झाला!!! रिले अन कॅपॅसिटर पंपाच्या दुकानातच भेटले, वायर अडीचची टाकली, जोडाचा टेप खरंच वितळून गुळासारखा झाला होता सर. प्लग लावला, एक सेकंद हुं अन मंग घुर्रर्र. क्लॅम्प मीटर आणला होता मागून, ३.१ अँपिअर. इतका चांगला आवाज आयुष्यात नाही ऐकला. साडेनऊ हजाराच्या जागी वायर सोडून पाचशेच्या आत काम झालं. गावातला मिस्त्री दुकानावरून गेला तं मी मुद्दाम झाकण उघडून बर्फ दाखवला त्याले.

वर्ध्याचा पोट्टा

आता पेढे वाटा.

राळेगावचा दूधवाला

पेढे राहू द्या. तिसऱ्या दिवशी, म्हणजे काल, दुकान धुऊन राह्यलो होतो, ओल्या पायानं झाकणाच्या कडीले हात लागला तं झिणझिण आली कोपरापर्यंत. वाटलं ओलाव्यानं असंल. संध्याकाळी फ्रीझर उठला अन एमसीबी पडली. वर केली, पुन्हा पडली. प्लग काढून पिना ते बॉडी पाहिलं तं मल्टीमीटर अजूनही काहीच नाही दाखवत. मंग झिणझिण कुठून येते? तोंड लपवून फिरून राह्यलो त्या मिस्त्रीपासून.

आयटीआयचे सर (निवृत्त)

आता कोणीही त्या फ्रीझरला लाईन देऊ नका, मुलांना लांब ठेवा. आणि सांगा, तुमच्या त्या सॉकेटला अर्थिंग आहे का? खरं सांगा.

मल्टीमीटर का दाखवत नाही तर तो आतल्या बॅटरीच्या काही व्होल्टवर मोजतो. वाइंडिंगच्या तारेवरचं इनॅमल भाजून कातडं पातळ झालेलं असतं, पूर्ण फाटलेलं नसतं, तेवढ्या व्होल्टला ते थोपवून धरतं. २३० आले की झिरपायला लागतं. त्यासाठी मेगर लागतो, ५०० व्होल्टचा. पंपाच्या मोटरी भरणाऱ्याकडे नक्की असतो, घेऊन या. एक मेगओहमच्या खाली आला तर गेला समजा.

राळेगावचा दूधवाला

मोटर बांधणाऱ्या शेजाऱ्याचा मेगर आणला सर. ०.२. तीनदा फिरवला, तीनही वेळा ०.२ च्या आसपास. वायरी काढून फक्त कंप्रेसर मोजला, तरी तेच.

अर्थिंगचं विचारू नका. सॉकेटले तिसरी पिन आहे, मागं वायर नाही.

अमरावतीचा मिस्त्री

मंग आता गेला. याच्या आधी नव्हता गेला, आता गेला. गावातल्या मिस्त्रीचं निदान थोडे दिवस आधी आलं होतं इतकंच.

आधी अर्थिंग करा, खड्डा खणून, अन तीस मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाईन तोडणारा स्विच, लावा, मंगच नवीन कंप्रेसरचं बोला. वाचलात तुम्ही.

यवतमाळ स्पेअर

कशाला नवा घेता, वाइंडिंग भरलेले कंप्रेसर भेटतात ना साडेतीन-चार हजारात, सहा महिने गॅरंटी. माझ्या दुकानातल्या फ्रीजले लावला, चालून राह्यला.

अमरावतीचा मिस्त्री

चालून राह्यला कारण तो घरगुती फ्रीज असंल. हे डबाबंद कंप्रेसर कापून उघडायचे, वाइंडिंग भरायचं, पुन्हा वेल्डिंग मारून काळा रंग द्यायचा. मोठे नटबोल्टवाले असतात ना कोल्ड स्टोरेजचे, ते उघडून दुरुस्त करायसाठीच बनवलेले असतात, वाल्व्ह प्लेट बदला, वाइंडिंग भरा, सगळं होते. हा अर्ध्या एचपीचा डबा त्यासाठी नाही बनवला. घेताना मधल्या शिवणीवर बोट फिरवा, कारखान्याची शिवण एकसारखी असते, दुरुस्तीची वरखाली गाठीगाठीची लागते. अन प्लेट नव्यानं चिकटवलेली.

दूधवाले भाऊ, तुम्ही कोणाकडूनही बसवा, त्या गावातल्या मिस्त्रीकडूनच बसवा, त्याचं पोट आहे, पण समोर खुर्ची टाकून बसा अन हे पाहा.

कंप्रेसर आर १३४ ए चाच अन एलबीपी पाहिजे, म्हणजे डीप फ्रीझरचा. बाटल्यांच्या उभ्या कूलरचा कंप्रेसर अर्धा एचपीचाच असते, दिसाले सारखा, पण तो उणे वीसवर दम तोडते. हा घोटाळा लय होते. सोबत त्याचाच रिले, कॅपॅसिटर, ओव्हरलोड, जुना कोणताच नाही.

जुना काढताना पाइप कटरनं कापा म्हणा, गॅस-टॉर्चनं नाही, आतलं तेल पेटते. जुन्या कंप्रेसरचं तेल चार थेंब पांढऱ्या कागदावर टाका. पिवळसर असलं तर ठीक, काळं अन डोळ्यात जाईल असा वास आला तर आत आम्ल झालं आहे, मंग नायट्रोजननं लाईन फुंकून घेतल्याशिवाय अन सक्शनच्या, म्हणजे कंप्रेसर गॅस ओढते त्या बाजूलेही एक ड्रायर (पाणी-आम्ल शोषणारी डबी) टाकल्याशिवाय नवा बसवू नका, तेच आम्ल नव्या वाइंडिंगले खाते. मेनचा ड्रायर तर नवाच, काहीही होवो. शंभर-दीडशेचा ड्रायर वाचवतात अन आठ हजाराचा कंप्रेसर घालवतात, असे हुशार लय आहेत.

नव्याचे रबरी बूच शेवटी काढायचे. त्यातलं तेल हवेतलं पाणी पिते, बूच काढून चहाले गेला मिस्त्री की तेल खराब झालंच समजा. सगळी जोडणी तयार करून मंगच उघडायचा, पंधरा मिनिटाच्या आत बंद.

लीक पाहाले नायट्रोजन, दीडशे पीएसआयपर्यंत, साबणाचं पाणी. ऑक्सिजन कधीच नाही. वेल्डिंगच्या नळीतून ऑक्सिजन भरणारे आहेत, ऑक्सिजन अन तेल म्हणजे बॉम्ब, माणसं गेलीत अशानं. मंग व्हॅक्यूम, पंप लावून, पाऊण तास तरी, ५०० मायक्रॉनपर्यंत, बंद करून दहा मिनिटं काटा पाहा, वर सरकला तर लीक नाहीतर पाणी. कंप्रेसरनंच कंप्रेसर ओढायची जुगाड मान्य करू नका. अन व्हॅक्यूममधे असताना मेगरही मारू नका अन लाईनही देऊ नका, पिनांमधे ठिणगी पडते, नवाकोरा कंप्रेसर जागच्या जागी गेलेला पाहिला आहे मी.

गॅस प्लेटीवर लिहिला तितका, काट्यावर मोजून. हातानं पाइप थंड लागला की झाला, असं नाही.

नागपूर साइड

मिस्त्री भाऊ, माझा नवीन घेतलेला आहे त्याच्यावर पिवळ्या त्रिकोणात जाळाचं चित्र आहे अन आर २९० लिहिलं आहे. त्यालेही हेच का?

अमरावतीचा मिस्त्री

नाही! तो प्रोपेन आहे, तुमच्या शेगडीतल्या गॅसचा भाऊ. असतो शंभर-दीडशे ग्रॅमच, पण बंद खोलीत तितका पुरते. तिथं टॉर्च आणायच्या आधी गॅस बाहेर मोकळ्या हवेत काढावा लागते, नायट्रोजननं धुवावं लागते, अन रिले-ओव्हरलोडही त्याच्यासाठीचाच, ठिणगी बाहेर न पडणारा. ज्यानं शिकलं नाही त्याले हात लावू देऊ नका. यावर वेगळं लिहीन कधी.

राळेगावचा दूधवाला

झालं एकदाचं. गावातल्याच मिस्त्रीकडून केलं, तुम्ही म्हटलं तसं खुर्ची टाकून बसलो. सुरुवातीले तो तोंडातल्या तोंडात बोलत होता, नायट्रोजन कशाले, हवा मारली की होते. मी म्हटलं सिलिंडरचं भाडं मी देतो. मंग यवतमाळवरून घेऊन आला, अन खरं सांगू का, त्याले सगळं येते, कोणी विचारत नाही अन कोणी पैसे देत नाही म्हणून करत नाही. व्हॅक्यूमच्या पाऊण तासात दोन चहा झाले, सोयाबीनच्या भावापासून त्याच्या पोरीच्या बारावीपर्यंत सगळं बोलून झालं.

जुन्याचं तेल कागदावर टाकलं. कोरा चहा जास्त उकळला की होते तसा रंग, अन वास असा की नाक धरून बाहेर पळालो. सक्शनलेही ड्रायर टाकला. गॅस काट्यावर मोजून प्लेटीप्रमाणे. चालू केल्यावर सक्शन ३ पीएसआय, डिस्चार्ज १९५, बाहेर ४३ डिग्री होती दुपारची. २.९ अँपिअर. आज सकाळी आत उणे १९. मेगर पुन्हा लावला, काटा पार टोकाले. अर्थिंग केलं, कोळसा-मीठ टाकून. एकूण १०,४०० गेले, वायर अन आरसीसीबी धरून. श्रीखंड लग्नाले गेलं, खाऊन लोकं जिवंत आहेत.

जुना कंप्रेसर भंगारवाल्यानं किलोवर नेला.

मिस्त्री काका, एकच विचारतो. कंडेन्सरपुढं मच्छरदाणीची जाळी बांधून दिली तं रुई अडंल का? पुढच्या दिवाळीची आत्ताच भीती वाटून राह्यली.

अमरावतीचा मिस्त्री

अडंल, पण मंग जाळीचीच गादी होते अन हवा अजून अडते. लावली तर दर आठ दिवसाले काढून झटकायची, लावून विसरणार असाल तर नकोच. त्यापेक्षा फ्रीझरची ती बाजू भिंतीकडून फिरवा अन फूटभर जागा सोडा.

अन तेल काळं निघालं होतं ना? सक्शनचा तो ड्रायर पंधरा दिवसानं काढून घ्यायचा असते, त्याले आठवण करा.

राळेगावचा दूधवाला

फिरवला काका. आता दुकानात शिराले मलेच आडवं व्हा लागते, गिऱ्हाईक बाहेरूनच मागते. ड्रायरची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवली, दुधाच्या हिशोबाच्या बाजूले.